खडपाची मोजणी: कोकणच्या खडकाळ किनाऱ्यावरचं शैवाल आणि प्राणी कसे नोंदवायचे

खडपावर, म्हणजे भरतीत बुडणाऱ्या आणि ओहोटीत उघड्या पडणाऱ्या कातळावर, जाऊन काय काय दिसलं याची यादी करणं सोपं आहे. उल्वा (हिरवं शैवाल), कालवं, तीन जातींच्या गोगलगायी, एक खेकडा. पुढच्या वर्षी ही यादी वाचणाऱ्याच्या हाती मात्र काहीच लागत नाही, कारण मुख्य गोष्ट लिहायची राहून गेलेली असते: हे सगळं कुठल्या उंचीवर होतं? मुंबईच्या किनाऱ्यावर भरती-ओहोटीच्या मधल्या पट्ट्यात अर्धा मीटर वर सरकलं की तिथला कातळ दिवसाकाठी दोनेक तास जास्त उघडा राहतो. मालवणकडे भरतीची चढउतारच निम्मी, म्हणून तिथे तेवढ्याच अर्ध्या मीटरचा अर्थ जवळपास चार तास होतो. कालवाला, शैवालाला, गोगलगायीला हा हिशेब बरोबर कळतो. आपणही आधी उंची मोजायची आणि मग जीव.

खाली दिलेली पद्धत दोन-तीन माणसांच्या गटासाठी आहे: ठरलेल्या मापाची चौकट कातळावर ठेवायची आणि तिच्या आतलं मोजायचं. कॉलेजचा प्रकल्प असो, शाळेचा निसर्ग मंडळ असो किंवा गावातल्या खडपाची वर्षानुवर्षं नोंद ठेवायची इच्छा असो, बहुतेक साहित्य हार्डवेअरच्या दुकानात मिळतं.

पट्टे का पडतात

सगळ्यात वर, जिथे फक्त उधाणाचे तुषार पोचतात, तिथे कातळ काळपट आणि उघडा दिसतो. जवळ जाऊन भेगांमध्ये पाहिलं तर काही मिलिमीटरच्या एकायनोलिटोरिना गोगलगायी चिकटून बसलेल्या सापडतात. त्याखाली बार्नेकलची (कातळाला कायमचे चिकटून राहणारे छोटे कवचवाले प्राणी) खरबरीत पांढुरकी साय आणि मग कालवांचा पट्टा. याच भागात नेरिटा, प्लॅनॅक्सिस आणि टोपीसारख्या कवचाची सेलाना या गोगलगायी असतात. आणखी खाली जेलिडियम शैवालाची आखूड लालसर-काळी लव, हिरवी उल्वा, डबक्यांमध्ये झोअँथिडच्या (समुद्रफुलासारखे प्राणी) गाद्या. तळाच्या पट्ट्यात सर्गॅसम, पॅडिना, ग्रॅसिलेरिया, कॉलर्पा ही शैवालं आणि दगडांच्या पोटाखाली स्पंज.

कुठल्याही जातीची वरची हद्द बहुतेक वेळा ऊन आणि कोरड ठरवतात. खालची हद्द ठरवतात शेजारी: जागा बळकावणारे आणि खाणारे. जीवशास्त्रज्ञ जोसेफ कॉनेल यांनी स्कॉटलंडमध्ये मिलपोर्ट इथे बार्नेकलच्या दोन जातींवर केलेला आणि १९६१ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग यासाठी आजही शिकवला जातो. वर राहणाऱ्या कथॅमॅलसची पिल्लं खालीही रुजत होती, पण तिथे वेगाने वाढणारा सेमिबॅलॅनस त्यांना झाकून किंवा उखडून टाकत होता. तो काढून टाकल्यावर कथॅमॅलस खालीही नीट जगला. आपल्याकडे उन्हाचा वाटा स्कॉटलंडपेक्षा कितीतरी मोठा आहे, म्हणून तिथला निष्कर्ष जसाच्या तसा उचलू नका. प्रश्न मात्र तोच विचारायचा: ही जात इथे का थांबली, उन्हामुळे की शेजाऱ्यामुळे?

कोकणात यात आणखी एक गंमत आहे, आणि ती तिथीच्या हिशेबातून येते.

दिवस कसा निवडायचा

तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ येते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब. पौर्णिमा किंवा अमावास्या म्हणजे १५ गुणिले पाऊण, सव्वाअकरा. भरती सव्वाअकराच्या सुमारास, ओहोटी त्याच्या सव्वासहा तास आधी आणि नंतर, म्हणजे पहाटे पाच आणि संध्याकाळी साडेपाचच्या आसपास. गावागणिक अर्धा-पाऊण तासाचा फरक धरायचा.

आता अष्टमी घ्या. आठ गुणिले पाऊण म्हणजे सहा. भरती सहाला, ओहोटी ऐन दुपारी बाराला. सोयीची वेळ! पण अष्टमी म्हणजे भांग, उधाणाच्या उलट, लहान भरती-ओहोटीचे दिवस; पाणी फार खाली उतरतच नाही. दुपारची ओहोटी पाहून सहल ठरवणारे नेमके इथे फसतात आणि तळाचा पट्टा पाण्याखालीच पाहून परत येतात.

मुंबईत भांगाच्या ओहोटीला पाणी सरासरी १.९ मीटरच्या आसपास थांबतं, उधाणाच्या ओहोटीला पाऊण मीटरपर्यंत उतरतं. याचा अर्थ असा की १.९ मीटरच्या वरचा कातळ भर दुपारच्या उन्हात उघडा पडतो, तर तळाचा पट्टा जवळजवळ नेहमी सकाळी किंवा संध्याकाळीच उघडतो आणि दुपारी पाण्याखाली असतो. सर्गॅसमसारखं ओलं, मऊ शैवाल तळाला तग धरतं आणि वर कवचवाल्यांचं राज्य असतं, त्यामागे हे एक मोठं कारण आहे. मुंबई-रायगडच्या खडपावर काम करत असाल तर १.९ मीटरची रेघ तुमच्या आराखड्यात असायलाच हवी.

कामासाठी सगळ्यात चांगला दिवस पौर्णिमा-अमावास्येनंतरची द्वितीया किंवा तृतीया. उधाण अजून जोरात असतं (खरं तर सगळ्यात मोठं उधाण तिथीच्या एक-दोन दिवसांनंतरच येतं) आणि ओहोटी सकाळी सात ते साडेआठच्या दरम्यान, चांगल्या उजेडात मिळते. तिथीवरून दिवस ठरवा, पण मिनिटं आणि उंची तक्त्यातूनच घ्या. भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी भरतीचे तक्ते काढतो, हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्रविषयक माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेकडेही अंदाज मिळतात. दिवसातल्या दोन ओहोट्या सारख्या नसतात, त्यामुळे दोन्हींची उंची पाहून खालची निवडा. मुंबई-अलिबागकडे ०.५ मीटर किंवा त्याखालची ओहोटी धरली की तळाचा पट्टा हमखास मिळतो.

महिन्यांचं म्हणाल तर शैवालासाठी ऑक्टोबर ते मार्च. पावसाळ्याच्या लाटांनी खरवडलेल्या कातळावर सप्टेंबर-ऑक्टोबरात कोंब दिसू लागतात, डिसेंबर ते फेब्रुवारीत बहर असतो, एप्रिल-मेमध्ये सर्गॅसम झडून बुंधे उरतात. अपवाद पोर्फायराचा. हे पातळ, जांभळट-तपकिरी, ओल्या प्लॅस्टिकसारखं शैवाल पावसाळ्यातच आणि तेही बरंच वरच्या कातळावर येतं, कारण ढग, पाऊस आणि तुषार तेवढेच महिने त्या उंचीवर ओल टिकवतात. ते पाहायचं तर लांबून. जून ते सप्टेंबर खडपावर चौकट घेऊन उतरू नका.

जागा

पहिल्यांदा करत असाल तर सपाट, उताराचा, फार तुटकातुटका नसलेला कातळ शोधा. रायगड-मुंबईकडे काळा बेसॉल्ट, रत्नागिरीपासून दक्षिणेकडे बऱ्याच ठिकाणी जांभा, मालवणच्या आसपास क्वार्टझाइट. जांभा सच्छिद्र असतो, भोकाभोकात ओल टिकते, त्यामुळे बेसॉल्टवरचे आणि जांभ्यावरचे आकडे एकाच तक्त्यात घालून सरासरी काढू नका.

मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं. तिथे कुठलंही काम करायचं तर वन विभागाची लेखी परवानगी आधी घ्या. इतर ठिकाणी ग्रामपंचायतीला आणि रोज त्या खडपावर कालवं काढायला येणाऱ्या बायकांना सांगून जा. कुठला दगड गेल्या महिन्यात फोडला, कुठे वाळू चढली आणि कुठे निसरडं आहे, हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. फोडलेला दगड कळला नाही तर तिथली कालवं कमी का, याचं भलतंच कारण तुम्ही शोधत बसाल.

चौकट बनवणं

लागणारं साहित्य: अर्धा इंची पीव्हीसी पाइप सुमारे सव्वादोन मीटर, चार एल्बो, दीड मिलिमीटर जाडीचा वळलेला रंगीत नायलॉन दोरा १२ मीटर, पाइपचा सोल्यूशन, ड्रिल.

पाइपचे ५० सेंमीचे चार तुकडे कापा. सोल्यूशन न लावता एल्बोत बसवा आणि आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत मोजा. एल्बोच्या बनावटीनुसार काही मिलिमीटर कमी-जास्त निघतं. आतलं माप बरोबर ५० येईपर्यंत घासा, मगच चिकटवा. दोन्ही कर्णही मोजा. ते सारखे नसतील तर तुमचा चौरस तिरका झालाय.

दोऱ्यांसाठी प्रत्येक बाजूला आतल्या कोपऱ्यापासून २.५ सेंमीवर पहिलं भोक, मग दर ५ सेंमीला एक, एकूण दहा. समोरासमोर दहा उभे आणि दहा आडवे दोरे ओढले की बरोबर १०० छेद मिळतात. एक छेद म्हणजे एक टक्का, खडपावर उभ्या उभ्या भागाकार करायला लागत नाही. तंगूस (मासे पकडायचा पारदर्शक नायलॉन दोरा) वापरायचा मोह होतो कारण तो घरात असतोच, पण तो उन्हात दिसत नाही आणि गाठ सरकते. भगवा किंवा पिवळा दोरा घ्या. पाइपला पाच-सहा जादा भोकं पाडा म्हणजे पाणी आत शिरून निघून जाईल. नाहीतर डबक्यात चौकट तरंगते आणि मोजता मोजता सरकते.

बाकी साहित्य: ३० मीटरचा टेप, १० × १० सेंमीची छोटी चौकट (जाड तारेची चालते), पेन्सिली, प्लॅस्टिकचा पाणरोधक कागद किंवा घासून खरखरीत केलेली पांढरी ॲक्रिलिकची पाटी, छत्री, फोन, शिट्टी. पेन नको. पहिल्याच शिंतोड्याला शाई पसरते.

उंची मोजणं: गवंड्याची नळी

महागडी यंत्रं लागत नाहीत. गवंडी भिंतीची पातळी काढायला जी पारदर्शक नळी वापरतात, तीच घ्या: १० मिलिमीटर आतला व्यास, २० मीटर लांब. सोबत सेंटिमीटरच्या खुणा केलेल्या दोन-दोन मीटरच्या दोन काठ्या.

नळी बादलीतून ओढून भरा आणि उन्हासमोर धरून पूर्ण लांबी तपासा. एक बुडबुडा अडकला तरी माप चुकतं आणि चूक लक्षातही येत नाही. दोन्ही टोकं शेजारी धरून पाणी एकाच रेषेत आहे ना ते पाहा, मगच कामाला लागा. चालताना दोन्ही टोकांवर अंगठा.

तक्त्यातल्या ओहोटीच्या वेळी एकजण पाण्याच्या काठाला काठी टेकवतो. लाटा थेट येतात तिथे नव्हे, तर समुद्राशी जोडलेल्या पण शांत अशा चरात. दुसरा वरच्या खुणेवर. दोघंही नळीचं टोक काठीला लावतात, पाणी स्थिर झालं की आपापला आकडा वाचतात. समजा खालच्या काठीवर पाणी १३५ सेंमीला आहे आणि वरच्या काठीवर ५२ ला. वरचा बिंदू ८३ सेंमीने उंच. तक्त्यात त्या वेळची ओहोटी ०.४२ मीटर असेल, तर वरच्या बिंदूची उंची १.२५ मीटर.

दोन बिंदूंमधला फरक दीड मीटरपेक्षा जास्त असेल तर टप्प्याटप्प्याने चढा. हे माप तक्त्याच्या शून्यापासूनचं आहे. ते शून्य म्हणजे सरासरी समुद्रसपाटी नव्हे. मुंबईत सरासरी पातळी या शून्याच्या सुमारे अडीच मीटर वर आहे. फोनमधली किंवा नकाशातली उंची यात मिसळू नका. हवेचा दाब एक मिलिबारने उतरला की पाणी सुमारे एक सेंटिमीटर चढतं, वारा वेगळाच. म्हणून एका दिवसाच्या मापात १०-१५ सेंमीची चूक गृहीत धरा. वेगवेगळ्या तीन दिवशी मोजून त्याच खुणेची सरासरी घेतली की ती बरीच कमी होते.

खूण म्हणून रंग टिकत नाही. सुटा दगड तर अजिबात नको. सरकारी परवानगी नसेल तर कातळात काही ठोकूही नका. किनाऱ्यावरच्या दोन ठळक गोष्टी (देवळाचा कळस आणि विजेचा खांब) एका रेषेत येतात ती जागा लिहा, तिथून चार दिशांचे फोटो काढा. फोनचा जीपीएस तीन-पाच मीटरने सहज चुकतो, आणि उतारावर तीन मीटर म्हणजे दुसराच पट्टा.

चौकटी कुठे ठेवायच्या

उंचीनुसार तीन पातळ्या ठरवा: वरची, मधली, तळाची. प्रत्येक पातळीवर किनाऱ्याला समांतर २० मीटर टेप पसरा आणि त्यावर आठ ते दहा चौकटी. कुठल्या अंतरावर, हे नशिबावर सोडायचं. चौकट हवेत भिरकावणं म्हणजे नशीब नव्हे. हात आपोआप छान हिरव्या जागेकडे जातो, शिवाय चौकट मोडते. फोनचं स्टॉपवॉच न पाहता थांबवा, शेवटचे दोन आकडे घ्या, पाचने भागा. ६४ आले तर १२.८ मीटर. चौकट तिथेच पडणार, मग तिथे नुसता उघडा कातळ का असेना. उघडा कातळ ही नोंदच आहे. "इथे काहीच नव्हतं म्हणून चौकट जरा सरकवली" या एका वाक्याने दिवसभराचं काम वाया जातं.

डबकं आलं तर? ठरवून ठेवा आणि तोच नियम शेवटपर्यंत पाळा. आमची पसंती अशी: चौकटीचा अर्ध्याहून जास्त भाग पाण्यात असेल तर पुढचा आकडा घ्या, आणि डबक्यांची मोजणी वेगळी करा. डबकं म्हणजे वेगळंच जग. तिथे कोरड नसते, पण एप्रिलच्या दुपारी पाणी तापतं, आटतं आणि खारट होत जातं.

वेळेचा हिशेब: ओहोटीच्या दोन तास आधी पोचा आणि उतरत्या पाण्याबरोबर वरून खाली काम करत या. वरच्या चौकटीला पाच मिनिटं पुरतात, तळाच्या एका चौकटीला दहा. तळाच्या आठ चौकटी म्हणजे ऐंशी मिनिटं, त्या ओहोटीच्या पाऊण तास आधी सुरू करून नंतरच्या अर्ध्या-पाऊण तासात संपल्या पाहिजेत.

चौकटीच्या आत

आधी फोटो. छत्रीची सावली पूर्ण चौकटीवर पडू द्या, अर्धी नको. अर्ध्या उन्हाच्या फोटोत काहीच ओळखू येत नाही. कॅमेरा बरोबर वरून, चारही कोपरे आत, कोपऱ्यात तारीख-पातळी-क्रमांकाची चिठ्ठी.

मग छेद. डोळा छेदाच्या थेट वर आणा. दोरा कातळापासून पाच-सात सेंमी वर असतो, तिरकं पाहिलं तर छेद शेजारच्या कालवावर पडल्यासारखा वाटतो. प्रत्येक छेदाखाली काय आहे ते एकजण बोलतो, दुसरा रेघ मारतो. सर्गॅसमसारखं लोळणारं शैवाल असेल तर आधी ते जसं पडलंय तसं मोजा, मग हळूच बाजूला सारून खालचा थर पुन्हा मोजा. दोन थर वेगळ्या रकान्यांत. बेरीज शंभराच्या वर गेली तर घाबरू नका, ती जायलाच हवी. चौकटीत दिसतं पण एकाही छेदाखाली येत नाही त्यापुढे फक्त अधिकचं चिन्ह करा.

हलणारे आणि सुटे प्राणी नगावर मोजायचे: गोगलगायी, सेलाना, खेकडे, शंखातले खेकडे. खेकडे सावली पाहून पळतात म्हणून ते सगळ्यात आधी, चौकट ठेवताना. बार्नेकल आणि वरच्या बारीक गोगलगायी शेकड्यांनी असतात. तिथे छोटी चौकट पाच ठिकाणी ठेवून मोजा, सरासरीला १०० ने गुणलं की दर चौरस मीटरचा आकडा.

मेलेलं आणि जिवंत वेगळं लिहा. इथे सगळ्यात जास्त चुका होतात. कालव मेलं की वरची शिंपली निघून जाते आणि खालची वाटी दगडाला पांढरी चिकटलेली राहते. लांबून सगळंच कालवांचं दिसतं. बार्नेकलच्या तोंडावरची छोटी झाकणं जागेवर असतील तर जिवंत, नुसता ज्वालामुखीसारखा खड्डा असेल तर रिकामा. त्या रिकाम्या घरात बऱ्याचदा बारकी गोगलगाय उन्हापासून लपलेली असते, ती मोजायला विसरू नका. कवचाला नीट गोल बारीक भोक असेल तर ते शिकारी शंखाचं काम. जवळपासच्या भेगेत थाइससारखे जाड, गाठीगाठींचे शंख शोधा. एका चौकटीत "कालव ३४, रिकामी वाटी ९, जेलिडियम १६, उघडा कातळ ४१" अशी नोंद आली तर त्या नऊ वाट्या पुढच्या फेरीला फार काही सांगतील. तिथे शैवाल चढलं की नवी कालवं बसली?

सुटा दगड उलटायचा असेल तर दोन हातांनी सहज उचलेल एवढाच. खालचे स्पंज, पोर्सेलिन खेकडे, चिटॉन ऊन सोसत नाहीत. एका मिनिटात मोजा आणि दगड होता तसाच, त्याच बाजूने परत ठेवा. उलटा सोडलेला दगड म्हणजे वरचं शैवाल अंधारात आणि खालचे प्राणी उन्हात, दोन्ही मेले.

फसवणाऱ्या जोड्या

सेलाना आणि सायफोनेरिया दोन्ही टोपीसारख्या. सायफोनेरियाच्या कवचाच्या उजव्या कडेला एक फुगवटा असतो आणि रेघा ओबडधोबड. ती हवेत श्वास घेणारी गोगलगाय आहे. कातळावर पिवळट जेलीची गुंडाळलेली फीत दिसली तर ती बहुधा तिचीच अंडी.

डिक्टिओटा आणि स्टोकोस्पर्मम, दोन्ही दोन-दोन फाटे फुटत जाणाऱ्या तपकिरी फिती. स्टोकोस्पर्मम जाडसर असतं आणि पक्व झाल्यावर त्याच्या कडांना समांतर गडद रेघ येते. हिप्नियाची टोकं आकड्यासारखी वळून दुसऱ्या शैवालाला पकडतात. ॲकॅन्थोफोराच्या फांद्यांवर बारीक काटे. गुलाबी, कडक आणि चुन्याचं असेल तर ॲम्फिरोआ किंवा जानिया, बोटात चुरलं की कचकच आवाज. पॅडिनाचा पंखा पांढुरक्या पट्ट्यांवरून लगेच ओळखतो, पण जात सांगायला आडवा काप घेऊन पेशींचे थर मोजावे लागतात. सर्गॅसमच्या जातीही फोटोवरून ठरवू नका. बुंध्याजवळची पानं, हवेचे फुगे आणि जननांगं तिन्ही लागतात. शंका असेल तर "सर्गॅसम, जात अनिश्चित" असं लिहिणं चुकीच्या नावापेक्षा कधीही बरं.

झोअँथिड आणि समुद्रफूल यांत फरक असा की झोअँथिडच्या तोंडाभोवती बारीक दांडे कडेला दोन ओळींत असतात आणि ते गादीसारखे जोडून वाढतात. त्यांना उघड्या, कापलेल्या हाताने शिवू नका. काही जातींत पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असतं. देखणा, शंकूच्या आकाराचा नक्षीदार कोनस शंखही उचलायचा नाही, त्याला विषारी दंश करता येतो.

नमुना घ्यायचाच असेल तर

एका जातीचं एकच, बुंध्यासकट. प्रवाळ, समुद्री काकड्या आणि समुद्री घोडे यांना वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, त्यांना हातच लावायचा नाही. शैवाल समुद्राच्याच पाण्यात धुवा. गोड्या पाण्यात नाजूक लाल शैवालाच्या पेशी फुटतात आणि रंग सुटतो.

ताटात दोन बोटं समुद्राचं पाणी, त्याखाली जाड ड्रॉइंग पेपर. शैवाल वर तरंगत ठेवून रंगाच्या कुंचल्याने फांद्या पसरवा, कागद एका कडेने तिरका उचला. वर मलमलचा तुकडा, खाली-वर वर्तमानपत्रं, त्यावर वजन. पहिले तीन-चार दिवस कागद रोज दोनदा बदला, नाहीतर बुरशी धरते. मलमल पूर्ण सुकेपर्यंत ओढू नका. चिकट ग्रॅसिलेरिया कागदाऐवजी कापडाबरोबर निघून येतं. कॉलर्पाला पाणी फार, त्याला एक-दोन दिवस जास्त लागतात.

परत फिरण्याची वेळ

ओहोटीनंतर पाणी एकसारख्या वेगाने चढत नाही. सहा तासांत एकूण चढाचे बारा भाग केले तर तासागणिक साधारण एक, दोन, तीन, तीन, दोन, एक. चार मीटरच्या उधाणाला पहिल्या तासात ३३ सेंमी, दुसऱ्यात ६७ आणि तिसऱ्यात पूर्ण एक मीटर. पहिल्या तासात "अजून वेळ आहे" असं वाटतं ते यामुळे. शिवाय कोकणातले कातळ बऱ्याच ठिकाणी समुद्राकडे उंच आणि किनाऱ्याकडे सखल असतात. तुम्ही कोरड्यावर असता आणि मागचा चर भरून गेलेला असतो. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात चालत गेलेल्या कुणालाही विचारा. येताना ओलांडलेल्या सगळ्यात सखल चराची उंची नळीने मोजून ठेवा. एकाने काम न करता फक्त घड्याळ आणि पाणी पाहायचं, ओहोटीनंतर पाऊण तासाने शिट्टी, आणि शिट्टी झाली की चौकट अर्धी असली तरी उठायचं.

पायात टाचेला पट्टा असलेले रबरी तळाचे बूट किंवा जुने कॅनव्हास, चपला नकोत. हिरव्या उल्वावरून पाय सरकतो, त्यापेक्षा बार्नेकलवर पकड चांगली. कालवाच्या कडेने कापलं तर स्वच्छ पाण्याने आणि साबणाने लगेच धुवा, कवचाचा कण आत राहिला नाही ना ते पाहा. सूज किंवा लाली पसरू लागली तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता डॉक्टरकडे, आणि जखम समुद्रात झाली हे त्यांना आवर्जून सांगा. समुद्रातले काही जिवाणू फार झपाट्याने वाढतात.

घरी आल्यावर

पाटीवरचे आकडे त्याच संध्याकाळी वहीत किंवा संगणकावर उतरवा. दुसऱ्या दिवशी स्वतःचंच अक्षर लागत नाही. प्रत्येक ओळीत तारीख, तिथी, ओहोटीची वेळ आणि उंची, जागा, चौकटीची उंची मीटरमध्ये, जात, थर, टक्के किंवा नग. जिथे जात नव्हती तिथे शून्य लिहा, रकाना रिकामा सोडू नका; रिकाम्या रकान्याचा अर्थ "नव्हती" की "पाहिलं नाही" हे सहा महिन्यांनी कुणालाच सांगता येत नाही. मोठ्या चौकटीतले नग चारने गुणले की दर चौरस मीटर.

पहिला आलेख काढायचा तो उंचीचा: उभ्या अक्षावर मीटर, आडव्यावर टक्के, प्रत्येक जातीची एक रेघ. जातींच्या हद्दी त्यात लगेच दिसतील. १.९ मीटरच्या आसपास कोण संपतं आणि कोण सुरू होतं ते मुंबईकरांनी खास पाहावं. मग तीच मोजणी त्याच खुणांवर ऑक्टोबर, जानेवारी आणि एप्रिलच्या अखेरीस. एप्रिलच्या फेरीला शैवालाची वरची हद्द जानेवारीपेक्षा किती सेंटिमीटर खाली सरकली, हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.